स्वाक्षरीवही : बापलेकीचा एक छंद
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलावेत अशी आम्हांस आज्ञा झाली, तेव्हा कार्यवाहांनी साहजिकच विषय विचारला. ‘खेळाडूंच्या सह्या जमविण्याचा छंद’ असे आम्ही सांगताच ते क्षणभर थबकले. त्यांचे थबकणे रास्त होते. या व्यासपीठावरून शिष्यवृत्त्या, वसतिगृहाचा निधी, विवाहातील अवास्तव खर्च असे विषय शोभतात. सह्या जमविणे हा तर पोरखेळ! परंतु हा पोरखेळ आम्ही एकट्याने केला नाही. तो आमच्या कन्येच्या संगतीने कित्येक वर्षे केला. आणि घरातील मोठ्या माणसांनी मुलांशी कसे वागावे, हा विषय ज्ञातीच्या उन्नतीशी संबंध नसलेला आहे असे आम्हांस वाटत नाही. मॅट्रिक होऊन आम्ही शाळेत लागलो आणि पुढची छत्तीस वर्षे खडू व फळा यांच्या सोबतीत गेली. विद्वत्तेचा दावा आम्ही करीत नाही. जे पाहिले व अनुभवले तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम या छंदाच्या कुळाविषयी थोडे सांगतो. सह्यांची वही बाळगण्याची रीत फार जुनी आहे. सोळाव्या शतकात जर्मनीतील विटेनबर्गचे विद्यार्थी लहानशा वह्यांत आपल्या गुरुजनांच्या व मित्रांच्या सह्या आणि बोधवचने घेत असत. आपल्या महाराष्ट्रात ही रीत ‘सही आणि संदेश’ या नावाने रुजली. व्याख्यान संपले की रंगीत पानांची वही घेऊन मुले वक्त्याभोवती गर्दी करीत आणि वक्तेही दोन ओळी लिहून देत. गांधीजींनी तर सहीचे पाच रुपये ठरविले होते आणि ती रक्कम हरिजन निधीस जाई. एका सहीने देशकार्य साधावे, ही युक्ती त्यांनाच सुचावी! साहित्यिकांच्या आणि पुढाऱ्यांच्या मागोमाग खेळाडूही या वहीत आले.

आता आमची कथा सांगतो. १९९४ साली आमची कन्या नऊ वर्षांची होती. आम्ही ज्या शाळेत शिकवीत होतो त्याच शाळेत ती शिकत असे. शिक्षकाचे मूल होणे सोपे नसते, हे येथील शिक्षकबंधू मान्य करतील. घरी आल्यावरही बाप गुरुजीच राहतो. ती आमच्याशी बोले ती उत्तरे देण्यापुरती. तालुक्याच्या गावी कबड्डीचे सामने होते तेथे आम्ही तिला नेले. सामना संपल्यावर एका चढाईपटूकडे बोट दाखवून ती म्हणाली, “अण्णा, यांची सही मिळेल का हो?” आमच्या झोळीत शंभर पानी वही होती, खिशात पेन होते. आम्ही दोघे त्या खेळाडूपुढे जाऊन उभे राहिलो.

त्या घटकेला जे आमच्या ध्यानात आले तेच आजच्या भाषणाचे सार आहे. त्या तरुण खेळाडूपुढे आम्ही गुरुजी नव्हतो आणि ती विद्यार्थिनी नव्हती. आम्ही दोघेही मागणारे होतो. त्याने हो म्हणावे किंवा नाही म्हणावे, हे आम्हां दोघांच्याही हाती नव्हते. एरवी घरात बाप हा देणारा किंवा नाकारणारा असतो. मूल खाली आणि आपण वर, अशी ती रचना असते. येथे मात्र दोघांच्या छातीत एकच धाकधूक होती. आपण मुलांसाठी पुष्कळ करतो. त्यांची फी भरतो, पुस्तके आणतो, स्थळे पाहतो; परंतु मुलांच्या शेजारी उभे राहून कशाची तरी वाट पाहण्याचा योग आपल्या आयुष्यात किती वेळा येतो, याचा प्रत्येकाने विचार करावा.

त्या दिवसापासून आमचा नेम सुरू झाला. सुटीच्या दिवशी आसपास कोठे कोणता सामना आहे, हे ती वर्तमानपत्रातून शोधून काढी. कोठे उभे राहावयाचे, हे आम्ही ठरवीत असू. अनुभवाने आम्ही काही गोष्टी शिकलो. सामन्यापूर्वी खेळाडूस गाठू नये, त्या वेळी त्याचे चित्त खेळात असते. हरलेल्या संघाकडे प्रथम जावे, कारण त्यांच्याकडे कोणी जात नाही आणि तेथे सहीबरोबर दोन शब्दही मिळतात. वहीचे पान आधीच उघडून धरावे, पेन चालते की नाही ते पाहून घ्यावे, आणि सही मिळाली की खेळाडूचे नाव घेऊन आभार मानावेत. समोरच्या पानावर दिनांक, स्थळ, सामना आणि त्या दिवशी काय घडले ते लिहून ठेवावे. हे लिहिण्याचे काम कन्येकडे होते. तिचे शुद्धलेखन आम्ही कधी तपासले नाही. त्या वहीत लाल शाई चालवावयाची नाही, असा आम्ही स्वतःशी निश्चय केला होता.

तिचे मामा दादरला राहत. श्रावणातील सुट्यांत आम्ही त्यांच्याकडे उतरत असू, ते मुख्यतः कांगा लीगच्या सामन्यांसाठी. १९४८ साली सुरू झालेली ही क्रिकेटची स्पर्धा मुंबईत ऐन पावसाळ्यात होत असे. आझाद मैदानावर एकाच वेळी अनेक सामने चालत. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या यष्टिरक्षकाजवळ उभा आहे, असा चमत्कारही तेथे पाहावयास मिळे. या मैदानाला भिंत नाही आणि तिकीट नाही. कसोटी सामने खेळलेले फलंदाजही येथे ओल्या खेळपट्टीवर नवशिक्या गोलंदाजापुढे चकत आणि पुढे आपली पिशवी आपणच उचलून चालू लागत. छत्री खेळाडूवर धरावयाची आणि वही छत्रीच्या दांड्यापाशी, ही कसरत आमच्या कन्येस उत्तम साधली होती. मोठा माणूस चिखलाने माखलेला पाहिला, की मुलांच्या मनातील त्याचे मोठेपण कमी होत नाही. उलट ते आपल्याला गाठता येण्याजोगे आहे असे त्यांना वाटू लागते.

आमचे गाव कराड तालुक्यातले. हा मुलूख कुस्तीचा. तेव्हा वहीत मल्लांना मानाचे पान मिळणे क्रमप्राप्तच होते. एकदा एका वृद्ध पहिलवानांची कीर्ती ऐकून आम्ही त्यांच्या वस्तीवर गेलो. अंगणात बाजेवर ते बसले होते. कान मोडलेले, मनगट अजूनही आमच्या दंडाएवढे. त्यांनी जुन्या कुस्त्यांच्या गोष्टी सांगितल्या, आम्हांस ताक पाजले. कन्येने वही पुढे केली तेव्हा त्यांनी पेन हाती घेतले आणि ते तसेच धरून बसले. काय अडले ते आमच्या ध्यानात आले. आयुष्यभर साक्षरतेचे वर्ग चालविलेले आम्ही. परंतु त्या घटकेला काय बोलावे ते आम्हांस सुचेना. इतक्यात कन्या म्हणाली, “आजोबा, सही नको. सह्या सगळेच देतात. तुमचा हात केवढा मोठा आहे! त्याचाच ठसा द्या ना.” म्हातारबाबा खदखदून हसले. चुलीजवळचा कोळसा उगाळून त्यांनी पंजा माखला आणि पानावर दाबला. “पोरी, आमी साळंत गेलो न्हाई, पर ह्या हातानं लई जनास्नी आस्मान दावलंय,” असे ते म्हणाले. पंजा पानात मावला नाही. दोन बोटांची टोके बाहेरच राहिली. ती तशीच आहेत. दुसऱ्याचे उणे झाकून त्याचा मान कसा राखावा, हा पाठ कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हता. तो त्या दिवशी मुलीने बापास दिला.

सगळीकडे असेच घडले असे नाही. एका मोठ्या सामन्यानंतर आम्ही खेळाडूंच्या उतरण्याच्या जागेबाहेर पावणेतीन तास उभे होतो. ज्यांची वाट पाहत होतो ते प्रसिद्ध खेळाडू आले आणि वहीकडे न पाहता गाडीत बसून निघून गेले. त्यांचे नाव घेण्याचे कारण नाही. कन्येचे डोळे भरून आले. आम्ही तिला सांगितले, “त्यांनी जे द्यावयाचे ते मैदानावर दिले. सही हे आपले त्यांच्याकडील येणे नव्हे.” परतीच्या गाडीत ती बराच वेळ गप्प होती, मग तिने वहीत त्या दिवसाची नोंद केली, ‘सही मिळाली नाही, खेळ उत्तम झाला.’ नकार पचविणे हाही शिक्षणाचा भाग आहे. आजची हुशार मुले दोन गुणांनी प्रवेश हुकला तर कोसळून पडतात, हे आपण पाहतो. त्यांनी लहानपणी चार वेळा विनयाने मागून चार वेळा रिकाम्या हाताने परतण्याचा अनुभव घेतला असता, तर बरे झाले असते.

खेळाडूच्या जवळ जावे ही ओढ किती अनावर असते, याचे एक उदाहरण इतिहासात आहे. १९७५ च्या जानेवारीत मुंबईच्या वानखेडे मैदानावर पहिला कसोटी सामना झाला. वेस्ट इंडीजच्या क्लाईव्ह लॉईड यांचे द्विशतक पूर्ण होताच एक तरुण त्यांचे अभिनंदन करावयास मैदानात धावला. पोलिसांनी त्यास मारहाण केली आणि त्यावरून प्रेक्षक खवळून मोठी दंगल झाली. कौतुकाचे पाऊल रीत सोडून पडले आणि त्याला उत्तरही रीत सोडून मिळाले. वही हातात घेऊन फाटकापाशी थांबणे म्हणजे त्याच ओढीला लावलेले वळण होय.

आमच्या वहीत एक पान कोरे आहे. त्याच्या माथ्यावर कन्येने ‘खाशाबा जाधव, गोळेश्वर’ एवढेच लिहिले आहे. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. त्यांना धाडण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले होते. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे मात्र त्यांची उपेक्षाच झाली. १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आमचा छंद सुरू झाला तेव्हा त्यांना जाऊन दहा वर्षे लोटली होती. इतक्या जवळचा माणूस आणि त्याची सही नाही, याची हुरहूर त्या पानात आहे. २०२४ साली पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत कांस्यपदक मिळविले, तेव्हा खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्यास वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले आणि सर्वांस खाशाबांची पुन्हा आठवण झाली.

भाऊसाहेब निंबाळकरांचेही असेच. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात त्यांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तेव्हाचा विश्वविक्रम नऊ धावांवर उरला असता प्रतिपक्षाने सामनाच सोडून दिला. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये एका डावात इतक्या धावा अन्य कोणा भारतीयाने अद्याप केलेल्या नाहीत. तथापि अधिकृत कसोटी सामना त्यांना एकही खेळावयास मिळाला नाही. २०१२ पर्यंत ते हयात होते. अशा गृहस्थाच्या दारी वही घेऊन किती मुले गेली असतील बरे? कीर्तीचा प्रकाश ज्याच्यावर आज पडला आहे त्याच्याभोवती हजार हात पुढे होतात. ज्याच्यावरून तो सरकला आहे त्याच्याकडे एकाने जाणे अधिक मोलाचे, असे आम्ही कन्येस सांगत आलो.

आता एक गोष्ट आपल्या ज्ञातीच्या व्यासपीठावरून मुद्दाम बोलावयाची आहे; आपण ती गोड मानून घ्याल अशी आशा आहे. आमच्या वहीत दोनशेवर सह्या आहेत. मध्यंतरी एका स्नेह्यांनी ती वही चाळून विचारले, “गुरुजी, यात आपले किती?” आम्ही कन्येकडे पाहिले. ती म्हणाली, “काका, आम्ही कोणाला विचारलेच नाही.” खेळाच्या इतिहासात हा प्रश्न फार विचारला गेला आहे आणि त्याची फळे कडू आहेत. पालवणकर बाळू यांच्यासारखा डावखुरा फिरकी गोलंदाज त्या काळी हिंदुस्थानात दुसरा नव्हता. पुण्यात त्यांना संघात घेतले ते त्यांच्या गोलंदाजीवाचून भागेना म्हणून. परंतु चर्मकार ज्ञातीत जन्मले या कारणाने चहा त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. त्याच बाळूंनी १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. त्यांना कर्णधारपद कधी दिले गेले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ साली मिळाले. ज्ञातीने एकत्र यावे, गरजूंस हात द्यावा, हे आम्हांस मान्य आहे. म्हणून तर आम्ही येथे उभे आहोत. पण मुलांच्या हाती कौतुकाची वही देताना तीत ज्ञातीचा रकाना आखून देऊ नये, एवढीच आमची प्रार्थना आहे.

या छंदाचा आज मोठा व्यापारही झाला आहे. सह्यांस किंमत आली आणि किमतीमागोमाग लबाडी आली. अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात तेथील केंद्रीय तपासयंत्रणेने बनावट सह्यांची टोळी पकडली. तीत खेळाडूंच्या खोट्या सह्या तर होत्याच, पण चक्क मदर तेरेसांची सही केलेले बेसबॉलचे चेंडूही निघाले! तेव्हा बाजारातून सही विकत घेऊ नये. पारख करावयाची तर भिंग घ्यावे. छापील सहीत बारीक ठिपके दिसतात, हाताच्या सहीत रेघेवरून रेघ गेलेली कळते आणि पानाच्या मागे पेनाचा दाब बोटास लागतो. एका माणसाच्या दोन सह्या कधी तंतोतंत जुळत नाहीत. जुळल्या तर त्या शिक्क्याच्या समजाव्यात. वही उन्हापासून आणि दमटपणापासून जपावी, कसर लागू नये म्हणून अधूनमधून पाने चाळावीत, आणि चिकटपट्टी मुळीच लावू नये, ती पिवळी पडून सहीसही खाते. दूर राहणाऱ्या खेळाडूस पत्र पाठवावयाचे तर सोबत आपल्या पत्त्याचे, तिकीट लावलेले पाकीट ठेवावे. सर डोनाल्ड ब्रॅडमन निवृत्तीनंतर जगभरच्या पत्रांस उत्तरे देण्यात आणि सह्या करण्यात रोज काही तास घालवीत. त्यामुळे त्यांची सही दुर्मीळ राहिली नाही, म्हणजे बाजारात तिचे मोल कमी झाले. परंतु आमच्या लेखी त्यांचे मोल त्यानेच वाढले.

हल्ली सहीऐवजी भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून घेण्याची चाल पडली आहे. तिला आम्ही नावे ठेवीत नाही. मात्र छायाचित्र काढताना खेळाडू यंत्राकडे पाहतो. सही करताना तो मुलाकडे पाहून “नाव काय तुझे?” असे विचारतो. हा भेद लहान वाटला तरी मुलाच्या लेखी तो लहान नसतो.

आणखी एक सांगून आटोपते घेतो. २००१ साली आमच्या पत्नी अल्पशा आजाराने निवर्तल्या. कन्या तेव्हा सोळा वर्षांची होती. घरात दोनच माणसे उरली आणि दोघांसही एकमेकांशी काय बोलावे ते कळेनासे झाले. जेवणे होत, शाळा-कॉलेज होई, दिवा मालवला जाई. शब्द मात्र उमटत नसे. असे चार महिने गेले. एका शनिवारी रात्री तिने कपाटातून वही काढून आमच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, “अण्णा, उद्या कराडला मुलींच्या खो-खोच्या मॅचेस आहेत.” आम्ही गेलो. त्या दिवशी नऊ मुलींच्या सह्या मिळाल्या. त्यांतील कित्येकींनी आयुष्यात पहिल्यांदाच कोणास सही दिली होती. एकीने तर मैत्रिणीस विचारून घेतले की इंग्रजीत करू की मराठीत. परतताना एस. टी. मध्ये कन्या त्या मुलींविषयी बोलू लागली, मग शाळेविषयी, मग आईविषयी. उंब्रजचा थांबा आला आणि गेला. आम्हां दोघांसही उतरण्याचे भान राहिले नाही. दुःख सांगावयास माणसास कधी कधी दुसऱ्याच विषयाची वाट लागते. आमच्या घरी ती वाट त्या वहीतून गेली. वेळ आली तेव्हा ती वाट मोकळी होती, कारण सात वर्षे आम्ही दोघे तिच्यावरून चाललो होतो. मूल मोठे झाल्यावर, संकट आल्यावर ही वाट नव्याने पाडता येत नाही. ती लहानपणीच पाडून ठेवावी लागते.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवून आम्ही बसतो. येथे दरवर्षी परीक्षेत यश मिळविणाऱ्यांचा सत्कार होतो, तो योग्यच आहे. त्याबरोबर तालुका-जिल्ह्याच्या मैदानांवर खेळणाऱ्या मुलामुलींनाही व्यासपीठावर बोलवावे, आणि आपल्या बालगोपाळांनी त्यांच्या सह्या घ्याव्यात. आज जिची सही आपण घेऊ, ती मुलगी उद्या अधिक जोमाने धावेल. दुसरी सूचना प्रत्येक पालकास आहे. छंद सह्यांचाच हवा असे नाही. नाणी, पाखरे, किल्ले, झाडे, काहीही चालेल. पण तो असा असावा की ज्यात आपण मुलास शिकवीत नाही, त्याच्या शेजारी उभे राहतो.

आमची कन्या आता नोकरीनिमित्त पुण्यास असते. तिन्ही वह्या तिच्याकडे आहेत. चौथी अर्धी भरली आहे.

 इत्यलम्.